पहिलटकरणींसाठी स्तनपानाचे मार्गदर्शन: सोलापुरातले पहिले सहा महिने

बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की बाळाची मालिश कोणत्या तेलाने करायची, पाचवीला काय मांडायचे आणि बारसे कधी करायचे हे सांगणारी माणसे घरात भरपूर असतात. पण बाळाला छातीशी नेमके कसे धरायचे हे शेजारी बसून दाखवणारे माणूस क्वचितच मिळते. आईला पाजणे आपोआप येते असे सगळेच गृहीत धरतात. प्रत्यक्षात ते आईला आणि बाळाला, दोघांनाही शिकावे लागते, आणि त्या शिकण्याच्या दिवसांत ‘तुझ्या अंगावरचे दूध त्याला पुरत नाही’ या एका वाक्याने जेवढे नुकसान होते तेवढे दुसऱ्या कशानेही होत नाही. मी याच शहरात, इथल्या उन्हाळ्यासकट, दोन बाळांना अंगावर पाजले आहे, आणि माझ्या माहेरच्या व सासरच्या अनेक मुलींना त्या पहिल्या आठवड्यांत गोंधळून रडताना पाहिले आहे. त्यांच्यातल्या बहुतेकींना दूध कमी नव्हते. त्यांना योग्य माहिती वेळेवर मिळाली नव्हती. म्हणून हे सगळे क्रमाने लिहीत आहे.

१. आठव्या महिन्यातच करायची तयारी

वस्तू थोड्याच लागतात आणि त्यांतल्या बहुतेक घरात असतात. बाटली, चोखणी आणि पावडरचा डबा ‘असू दे, लागला तर’ म्हणून आधीच आणून ठेवू नये. रात्री अडीच वाजता बाळ रडत असताना कपाटात डबा असला की तो उघडला जातोच.

जवळ ठेवायच्या वस्तू:
- पुढून उघडणारे सुती गाऊन किंवा सैल ब्लाउज
- जुन्या मऊ सुती साड्यांचे लंगोट आणि दुपटी, दोन दिवस पुरतील इतकी
- दोन उशा आणि घडी घालून कोपराखाली ठेवायला एखादी सोलापुरी चादर
- झाकण असलेल्या स्टीलच्या दोन लहान वाट्या आणि गुळगुळीत कडेचा चमचा
- थर्मामीटर
- लंगोट किती वेळा ओले झाले हे टिपायला एक वही

कागदपत्रांची पिशवीही त्याच वेळी भरून ठेवावी. त्यात माता व बाल संरक्षण कार्ड, आईवडिलांची आधार कार्डे, आईच्या नावाच्या बँक खात्याचे पासबुक आणि तपासण्यांचे सर्व अहवाल असावेत. प्रसूतीनंतर दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड त्यात घालावे. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाविलंब होते, त्यामुळे दवाखान्यातून निघतानाच नोंदीची चौकशी करावी. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये मिळतात. पात्रतेच्या अटी आहेत. त्या आशाताईंकडून किंवा अंगणवाडीतून आधीच तपासून घ्याव्यात. हा पैसा बाळंतिणीच्या खाण्यावर खर्च व्हावा असे मला मनापासून वाटते.

तिसरी तयारी माणसांची. पहिले सव्वा महिना तुमच्याजवळ आई असेल की सासूबाई हे ठरले की आठव्या-नवव्या महिन्यातल्या एका तपासणीला त्यांना बरोबर घेऊन जा आणि पाजण्याविषयीचे सगळे प्रश्न डॉक्टरांना किंवा सिस्टरांना त्यांच्यासमोरच विचारा. सुनेने सांगितलेले आणि सिस्टरांनी सांगितलेले यांचे घरातले वजन वेगळे असते. नंतरचे कितीतरी वाद या एका फेरीने टळतात.

२. पहिला तास आणि पहिले तीन दिवस

जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, एका तासाच्या आत, बाळाला उघड्या छातीवर ठेवावे आणि पाजायला घ्यावे. नैसर्गिक प्रसूतीत हे सहज जमते. सिझेरियन असेल आणि भूल कमरेखालची असेल तरी आई शुद्धीवर असते, त्यामुळे कोणाच्या तरी मदतीने बाळाला छातीशी लावता येते. तशी इच्छा आधीच डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवावी.

पहिले दोन-तीन दिवस जे दूध येते ते घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडे असते. हा चीक. तो ‘जुना’ किंवा ‘जड’ म्हणून पिळून टाकण्याची पद्धत काही घरांत अजून आहे आणि ती ठामपणे थांबवली पाहिजे, कारण बाळाला रोगांपासून वाचवणारे घटक या चिकात सर्वात दाट असतात आणि बाळाची पहिली काळी-हिरवी, चिकट शी बाहेर पडायलाही त्याने मदत होते. चीक चमचाभरच दिसतो म्हणून घाबरू नये, कारण पहिल्या दिवशी बाळाचे पोटही तेवढेच असते. भरपूर दूध साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान उतरते, सिझेरियननंतर कधी एखादा दिवस उशिरा.

याच तीन दिवसांत मध चाटवणे, साखरेचे पाणी आणि गुटी यांचा आग्रह होतो. मध एक वर्षाच्या आतील बाळाला कधीही देऊ नये; त्यातील जिवाणूंमुळे बोट्युलिझम नावाचा, दुर्मीळ पण जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची हौस असेल तर अंगठी बाळाच्या कपाळाला लावून ती पुरवावी, तोंडात काही घालू नये.

३. बाळाला छातीशी धरणे

या टप्प्यावर सर्वात जास्त वेळ द्या. चिरा, दुखणे, दूध तुंबणे आणि बाळाचे वजन न वाढणे या तक्रारींपैकी बहुतेकींचे मूळ इथे असते.

आधी स्वतः नीट बसा. पाठीला भिंत किंवा उशी हवी, पाय टेकलेले हवेत आणि बाळ ज्या हातावर आहे त्या कोपराखाली घडी घातलेली चादर हवी, म्हणजे पाच मिनिटांत हात भरून येत नाही. बाळाचे तोंड, खांदा आणि कंबर एका रेषेत ठेवून त्याला पूर्णपणे तुमच्याकडे वळवा, इतके की त्याचे पोट तुमच्या पोटाला लागेल. बाळ पाठीवर उताणे आणि फक्त मान वळलेली, असे कधीही पाजू नका. मान वळवून घोट घेणे तुम्हाला स्वतःलाही कठीण जाईल.

आता बाळाचे नाक स्तनाग्राच्या समोर येऊ द्या आणि स्तनाग्र त्याच्या वरच्या ओठाला हलकेच लावा. बाळ लगेच तोंड उघडेल, पण अर्धवट. थांबा. जांभई देताना उघडते तितके मोठे तोंड उघडेपर्यंत धीर धरा आणि त्या क्षणी बाळाला पाठीकडून आधार देऊन झटकन छातीजवळ आणा. छाती वाकवून बाळाकडे न्यायची नाही, बाळाला छातीकडे आणायचे, हे एकदा अंगवळणी पडले की पाठदुखी निम्मी होते.

बाळाने नीट पकडले असेल तर त्याची हनुवटी स्तनाला टेकलेली असते, खालचा ओठ बाहेरच्या बाजूला वळलेला असतो, स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग खालच्या बाजूने कमी आणि वरच्या बाजूने जास्त दिसतो, गाल फुगीर राहतात आणि सुरुवातीच्या भरभर चोखण्यानंतर संथ ओढ व गिळल्याचा बारीक आवाज येऊ लागतो. पहिल्या काही क्षणांनंतरही दुखत राहिले तर सहन करत बसू नका. स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा, लागले तर पुन्हा. ओढून काढले तर चिरा पडतात.

इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, दोन बोटांच्या कात्रीत स्तन धरणे. त्याने दुधाच्या नळ्या दाबल्या जातात आणि बोटे बाळाच्या ओठांच्या आड येतात. अंगठा वर आणि चार बोटे खाली, तीही काळसर भागापासून मागे, अशी पकड ठेवावी. दुसरी, मदत करणाऱ्या बाईने बाळाचे डोके मागून छातीवर दाबणे; बाळ चिडून मान मागे टाकते आणि ‘पोर पीतच नाही’ असा शिक्का बसतो. तिसरी, बाळाचे नाक दबेल या भीतीने स्तन बोटाने मागे ओढून धरणे. त्याने तोंडातील पकड सुटते. नाक खरेच दबत असेल तर बाळाचे ढुंगण तुमच्या अंगाजवळ घ्या, मान आपोआप थोडी मागे जाते.

सिझेरियनच्या टाक्यांवर वजन नको असेल तर बाळाला काखेखाली घ्या, पाय तुमच्या पाठीकडे आणि डोके तळहातावर. रात्री कुशीवर झोपूनही पाजता येते आणि थकलेल्या बाळंतिणीला त्याचा मोठा आधार वाटतो. मात्र बाळाच्या तोंडाजवळ जाड गोधडी किंवा उशी नको, आणि दारू प्यायलेले किंवा तंबाखू ओढणारे माणूस त्या अंथरुणात नको.

स्तनाग्र सपाट किंवा आत ओढलेले असले तरी पाजता येते, कारण बाळ स्तनाग्र नव्हे तर स्तनाचा मोठा भाग तोंडात घेते. प्रसूतीच्या ठिकाणी सिस्टरांना दाखवून मदत घ्या आणि एकदा तरी त्यांच्यासमोर संपूर्ण पाजून मगच घरी या. सिव्हिल हॉस्पिटल असो, महापालिकेचे प्रसूतिगृह असो की खासगी दवाखाना, ‘मला पाजून दाखवायचे आहे, बघा ना’ असे म्हणायला संकोच करू नका.

४. किती वेळा आणि किती वेळ

चोवीस तासांत ८ ते १२ वेळा, म्हणजे दिवसा आणि रात्री मिळून साधारण दोन-तीन तासांनी. घड्याळापेक्षा बाळाकडे पाहावे: ते हात तोंडाकडे नेते, मान वळवून शोधते, ओठ चाटते, तेव्हाच घ्यावे. रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे आणि रडून लाल झालेल्या बाळाला नीट पकड घेता येत नाही. एका बाजूचे दूध संपून बाळ आपण होऊन सोडेपर्यंत तीच बाजू चालू ठेवा, मग दुसरी द्या. पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूने सुरुवात करा. पाजून झाल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, आणि थोडे दूध उलटले तरी बाळ हसतखेळत असेल व वजन वाढत असेल तर काळजी करू नका.

पहिल्या आठवड्यांत बाळ सलग चार तास झोपले तर त्याला उठवून पाजावे. रात्रीचे पाजणे टाळू नका, कारण दूध तयार करवणारे प्रोलॅक्टिन रात्रीच जास्त स्रवते. दुसऱ्या संप्रेरकाचे, ऑक्सिटोसिनचे, काम पान्हा फुटण्याचे. भीती, राग, वेदना आणि सतत टोचून बोलणे यांनी पान्हा अडतो, तर बाळाला उघड्या छातीशी घेतल्याने तो सुटतो. पाजताना सुरुवातीच्या दिवसांत ओटीपोटात कळा येतात, दुसऱ्या बाळंतपणात अधिक. गर्भाशय आकुंचन पावत असल्याचे ते लक्षण आहे आणि त्यामुळे रक्तस्रावही आटोक्यात राहतो.

५. दूध पुरते की नाही, हे कसे ओळखावे

माझ्या मते या लेखातील सर्वात महत्त्वाचा भाग हा आहे, कारण अंगावर पाजणे थांबण्याचे जे कारण मी सर्वाधिक वेळा ऐकले ते दूध खरोखर आटणे हे नसून दूध कमी असल्याचा समज हे होते.

खालील गोष्टी दूध कमी असल्याच्या खुणा नाहीत. बाळ पाजल्यावर तासाभरात पुन्हा मागते. संध्याकाळी सहा ते दहा या वेळात सतत छातीशी राहू पाहते. दोन-तीन आठवड्यांचे, सहा आठवड्यांचे आणि तीन महिन्यांचे असताना एकाएकी दोन-तीन दिवस जास्त पिते. महिनाभरानंतर छाती पूर्वीसारखी दगडासारखी न भरता मऊ राहते. पंपाने काढले तर थोडेच निघते. यातली प्रत्येक गोष्ट निरोगी, पोटभर पिणाऱ्या बाळाच्या बाबतीतही घडते.

खऱ्या खुणा मोजता येतात, आणि म्हणूनच ती वही. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत किमान सहा वेळा फिक्या रंगाची लघवी व्हायला हवी. शीचा रंग काळ्या-हिरव्यावरून चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळा व्हायला हवा. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडे घटते, ७ ते १० टक्क्यांपर्यंत, आणि साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येते. त्यापुढे पहिल्या तीन महिन्यांत महिन्याला अर्धा किलो किंवा अधिक वाढ दिसते. वजन नेहमी एकाच काट्यावर आणि बाळाचे कपडे काढून करावे. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळाला पाहतात आणि वजन करतात. त्या आल्या की वही त्यांच्यापुढे ठेवा. घरात कोणी ‘पुरत नाही’ म्हणाले तर वाद न घालता लंगोटांचा आकडा सांगा.

आकडे ठीक असताना वरचे दूध सुरू केले की काय होते ते समजून घ्या. पावडरचे दूध पचायला वेळ लागतो, त्यामुळे बाळ जास्त वेळ झोपते आणि सगळ्यांना वाटते, बघा, उपाशीच होते. तेवढ्या वेळात छाती रिकामी होत नाही, रिकामी न झालेली छाती दूध कमी तयार करते, पुढच्या वेळी खरेच कमी येते आणि दुसरी बाटली लागते. दोन आठवड्यांत अंगावरचे दूध खरोखर आटते. शिवाय नळाला रोज पाणी न येणाऱ्या, साठवणीच्या पाण्यावर चालणाऱ्या घरात बाटली दर वेळी उकळून स्वच्छ ठेवणे किती कठीण आहे हे सोलापूरकरांना सांगायला नको. डबा महाग म्हणून पावडर पातळ करणे तर बाळाच्या कुपोषणाला आमंत्रण आहे. पावडरची जाहिरात, मोफत नमुने आणि बाटल्यांचा प्रचार यांवर १९९२ च्या कायद्याने बंदी आहे आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तेव्हा कोणी मोफत डबा हातात ठेवला तर तो नाकारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

काही आयांना दूध खरोखर कमी असते: थायरॉइडचा विकार, वारेचा तुकडा गर्भाशयात राहणे, स्तनावर झालेली शस्त्रक्रिया, प्रसूतीत खूप रक्त जाणे ही त्यामागची कारणे असू शकतात. लघवी आणि वजन कमी पडत असेल तर आधी कोणाला तरी तुमचे पाजणे पाहू द्या, पाजण्याच्या वेळा वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा. त्यांनी तपासून वरचे दूध द्यायला सांगितले तर ते वाटी-चमच्याने द्या आणि अंगावर पाजणेही चालू ठेवा. अशा आईने स्वतःला अपयशी समजू नये. शतावरीची चूर्णे, हळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू जरूर खा, पण वारंवार पाजण्याला ते पर्याय होत नाहीत.

६. सोलापूरचा उन्हाळा आणि पाण्याचा आग्रह

मार्चपासून जूनपर्यंत आपल्याकडे पारा चाळीशी ओलांडतो, पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही, आणि अशा वेळी मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणाऱ्या सगळ्या आज्या एकच गोष्ट सांगतात: लेकराच्या घशाला कोरड पडली असेल, चमचाभर पाणी पाज. त्यांच्या मायेविषयी शंका नाही, पण सहा महिन्यांपर्यंत बाळाला पाण्याचा एक थेंबही लागत नाही, मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते आणि पाजायला घेतल्यावर सुरुवातीला येणारे दूध पातळ, तहान भागवणारे असते. उन्हाळ्यात बाळ थोड्या-थोड्या वेळाने, थोडे-थोडे पिते. ते त्याचे पाणी पिणेच आहे. वरचे पाणी दिले तर इवलेसे पोट भरते, दूध कमी घेतले जाते आणि साठवणीच्या पाण्यातून जुलाब लागण्याचा धोका वाढतो. ग्राइप वॉटर आणि रोज उगाळून दिलेली गुटी यांनाही हेच लागू आहे.

पाणी आईने प्यायचे. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, नाहीतर पोट सुटते, ही समजूत उन्हाळ्यात धोकादायक ठरते. पाजायला बसताना तांब्याभर पाणी हाताशी ठेवा. ताक, ज्वारीची आंबील, लिंबूपाणी हे सगळे चालते. तहान लागेल तेवढे प्यावे, त्याहून जास्त प्यायल्याने दूध वाढत नाही.

खोलीत हवा खेळती ठेवा. कूलर चालेल, पण त्याचा झोत थेट बाळावर नको. बाळाला एकच पातळ सुती झबले पुरे. टोपी, मोजे आणि वर दुपट्यात घट्ट गुंडाळणे हिवाळ्यासाठी ठेवा. शेक-शेगडी आणि ओव्याची धुरी या ऋतूत तर टाळावीच, आणि एरवीही धुराने नवजात बाळाच्या श्वासाला त्रास होतो. पाजताना दोघांच्या घामाने बाळ निसटू लागते, म्हणून मध्ये पातळ सुती रुमाल ठेवावा. अंग तापलेले वाटले तर आधी कपडे कमी करा, पाजा आणि ताप मोजा. दोन महिन्यांच्या आतील बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल तर त्याच दिवशी, वाट न पाहता, डॉक्टरांकडे न्या.

७. चिरा, तुंबलेले दूध आणि गाठ

चिरा पडल्या तर आधी पकड सुधारा, कारण ती न सुधारता लावलेले कोणतेही मलम टिकत नाही. पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन थेंब स्तनाग्रावर लावून वाऱ्यावर वाळू द्या. साबण लावू नका.

दूध उतरताना छाती गच्च, जड आणि गरम होते. इतकी गच्च झाली की बाळाला पकडता येत नाही. तेव्हा आधी हाताने थोडे दूध काढून काळसर भाग मऊ करा आणि मग लावा. पाजण्यापूर्वी थोडा वेळ कोमट शेक आणि पाजल्यानंतर थंड पाण्याच्या घड्या यांनी आराम पडतो. एखाद्या ठिकाणी दुखरी गाठ लागली तर त्या बाजूने पाजत राहा आणि हलक्या हाताने चोळा. जोराने रगडू नका, ती सूज वाढवते. गाठीवरची कातडी लाल झाली, थंडी वाजून ताप आला आणि अंग मोडून आले, तर तो स्तनाचा संसर्ग असू शकतो. डॉक्टरांना दाखवा, त्यांनी दिलेले औषध पूर्ण घ्या, आणि पाजणे थांबवू नका. दूध बाहेर पडत राहणे हाच उपचाराचा मोठा भाग आहे आणि ते दूध बाळाला बाधत नाही. पाजणे एकाएकी बंद केले तर पू होण्याची शक्यता वाढते.

८. आईचे खाणे, तंबाखू आणि औषधे

पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक-दीड भाकरी जास्त, वाटीभर जास्त डाळ, पालेभाजी, दूध किंवा दही, आणि खात असाल तर अंडे किंवा मटणाचा रस्सा. ज्वारी, बाजरी, शेपू, मेथी, बाळंतशोपा हे इथले बाळंतिणीचे खाणे चांगलेच आहे. पण सव्वा महिना नुसता वरणभात किंवा तूप-भाकरी खायला घालून भाज्या आणि फळे तोडण्याचे कारण नाही. शेंगा चटणीने बाळाचे पोट दुखते असेही नाही. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या प्रसूतीनंतरही सहा महिने घ्यायच्या असतात, त्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. बाळाला ड जीवनसत्त्वाचे थेंब, रोज ४०० युनिट, डॉक्टरांना विचारून सुरू करावेत, कारण आईच्या दुधात ते पुरेसे नसते.

तंबाखूविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण सोलापुरात बिडी वळणाऱ्या हजारो स्त्रिया घरी, बाळाशेजारी बसूनच काम करतात, आणि मिश्री लावणाऱ्याही पुष्कळ आहेत. निकोटिन आईच्या दुधात उतरते. मिश्री प्रसूतीपूर्वीच सोडावी. बिडीचे काम सोडता येत नसेल, आणि बहुतेकींना ते येत नाही, तर सूप व तंबाखू बाळाच्या खोलीबाहेर ठेवा, कामावरची साडी वेगळी ठेवा, पाजण्यापूर्वी कोपरापर्यंत हात साबणाने धुवा. एवढे करूनही अंगावरचे दूध वरच्या दुधापेक्षा सरसच आहे, म्हणून या भीतीने पाजणे सोडू नका.

औषधांबाबत एकच नियम पुरेसा आहे: कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी ‘मी पाजते आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. बहुतेक आजारांवर पाजताना चालणारी औषधे असतात. साधी सर्दी, ताप, जुलाब यांत पाजणे थांबवायचे नसते.

९. सहा आठवड्यांनंतर

हा काळ लवकर सांगून ठेवते, कारण तिसऱ्या आठवड्यात रडणाऱ्या मुलीला तो कधी येईल असे वाटत नाही. साधारण दीड महिना झाला की बाळाची पकड पक्की होते, पाजायला लागणारा वेळ कमी होतो आणि चिरा बऱ्या झालेल्या असतात. बाळ पिता-पिता थांबते, तोंडातून दूध ओघळत असताना तुमच्याकडे बघून हसते आणि पुन्हा पिऊ लागते. बाहेर जाताना पिशवीत काही घ्यावे लागत नाही. पंढरपूरला निघालात किंवा गड्ड्याच्या यात्रेत गर्दीत अडकलात तरी बाळाचे जेवण ताजे आणि योग्य तापमानाचे तुमच्याजवळ असते. एसटी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतात, तिथे निवांत बसता येते. कुलूप दिसले तर चौकशी खिडकीवर किल्ली मागा, तो तुमचाच हक्क आहे. लसीकरणाच्या वेळी सुई टोचताना बाळाला अंगावर घेतलेले असेल तर त्याला कमी दुखते, हेही करून पाहा.

दीर्घकाळ पाजणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका कमी आढळतो. बाळ सहा महिन्यांच्या आतले, पाळी सुरू झालेली नाही आणि बाळाला दिवस-रात्र फक्त अंगावरचेच दूध, या तिन्ही अटी पूर्ण असतील तर गर्भधारणेची शक्यताही फार कमी असते. मात्र यातली एक जरी अट मोडली तरी दुसरे साधन लागते.

१०. कामावर परत जाताना

नोकरदार स्त्रियांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून मिळते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय असली पाहिजे, आणि बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळेत पाजण्यासाठी दोन सुट्ट्या देणे बंधनकारक आहे. रजेचा अर्ज आणि प्रसूतीचा दाखला यांच्या प्रती सांभाळून ठेवा. यंत्रमाग, गारमेंट किंवा धुणीभांडी अशा कामांवर जाणाऱ्यांना हे क्वचित मिळते. त्यांना दूध काढून ठेवणे शिकावे लागते.

ते हाताने जमते, पंप लागतोच असे नाही. हात धुवा, छाती हलकेच चोळा, अंगठा आणि तर्जनी काळसर भागाच्या कडेला ठेवून आधी छातीच्या दिशेने मागे दाबा, मग दोन्ही बोटे एकमेकांकडे दाबा आणि सोडा. बोटे कातडीवर घासू नका. पहिले एक-दोन मिनिटे काही येत नाही, मग थेंब आणि नंतर धारा येतात. बोटांची जागा फिरवत राहा. निघण्यापूर्वी आणि घरी आल्यावर बाळाला अंगावरच पाजा.

काढलेले दूध २५ अंश तापमानात चार तास टिकते, पण आपल्या उन्हाळ्यात घरातले तापमान त्याहून कितीतरी जास्त असते. म्हणून ते झाकणाच्या वाटीत लगेच फ्रिजमध्ये, दारात नव्हे तर आतल्या बाजूला ठेवावे आणि वीज जात असेल तर चोवीस तासांत वापरून टाकावे. वर साय धरल्यासारखा थर येतो, तो दूध नासल्याचा नव्हे. देताना वाटी कोमट पाण्यात धरा, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका, आणि बाळाने उष्टे केलेले उरले तर पुन्हा ठेवू नका. घरी सांभाळणाऱ्या आजीला वाटी-चमच्याने पाजणे तुम्ही असतानाच चार दिवस आधी शिकवा.

११. थांबू नये अशा वेळा

पुढीलपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय न करता बाळाला दवाखान्यात न्या:
- बाळ दूध ओढत नाही किंवा उठवूनही जागे होत नाही
- सहा ते आठ तास लघवी नाही, टाळू खोल गेलेली दिसते
- वर सांगितलेला ताप, किंवा अंग थंड पडणे
- श्वास भरभर चालणे, छाती आत ओढली जाणे, आकडी येणे
- पहिल्याच दिवशी दिसलेली कावीळ, किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचलेला पिवळेपणा

सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळावर मोफत उपचार होतात. रुग्णवाहिकेसाठी १०२ किंवा १०८ लावा. कावीळ झालेल्या बाळाला सोलापूरच्या उन्हात ठेवणे हा उपचार नव्हे.

आईसाठीही एक खूण सांगते. दोन आठवड्यांनंतरही रोज रडू येत असेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नसेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर ते घरच्यांना आणि डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. यावर उपचार आहेत आणि पाजत असतानाही ते घेता येतात.

१२. सहा महिने पूर्ण झाल्यावर

उष्टावण झाली म्हणजे पाजणे संपले असे नाही. सहा महिन्यांनंतर मऊ, घट्टसर वरणभात, नाचणीची पेज, कुस्करलेली केळी किंवा रताळे सुरू करावे, पाणी उकळून गार करून द्यावे, आणि अंगावर पाजणे दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहून पुढे, तुम्हा दोघांना हवे तोपर्यंत, चालू ठेवावे. सुरुवातीला आधी अंगावर पाजा आणि मग दोन-तीन चमचे भरवा. बाळ आजारी पडले आणि अन्न तोंडात घेईना, तरी अंगावरचे दूध ते सहसा घेते.